साम्यवादाला स्वेटर लागतो का?

मागच्या अंकात मी सहज एका उत्तरपत्रिकेचा किस्सा सांगितला होता. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी परत सांगते. प्रश्न साधा होता, अर्थव्यवस्थेचे प्रकार लिहा, आणि एका पोराने उत्तराऐवजी आलेख काढला होता. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर गरिबी, मधे पेनाने गिरवून गिरवून ठसठशीत केलेली टिंबं, प्रत्येकापाशी देशाचं नाव आणि सगळी टिंबं अगदी शहाण्या मुलांसारखी एका तिरप्या रेषेत उभी. फक्त एक टिंब लांब कोपऱ्यात एकटं पडलं होतं, त्याच्यापुढे लिहिलं होतं 'सिंगापूर' आणि कंसात 'एसी लावलाय'. उत्तराला शून्य दिलं पण त्या कंसाला अर्धा मार्क दिला, कारण मला हसू आवरेना. शेवटी मी लिहिलं होतं की तुमच्याकडे अशा हवामानाच्या थिअऱ्या असतील तर पाठवा. चूक झाली. इनबॉक्स भरून वाहतोय. त्यातले काही प्रश्न आज घेते.

प्रश्न: मॅडम, होस्टेलच्या रूमवर आम्ही चौघांनी मिळून एक थिअरी केलीये. थंड देशात ऊब कमी म्हणून ती वाटून घ्यावी लागते, सगळे एकाच शेकोटीभोवती, म्हणून समाजवाद. गरम देशात सावली कमी आणि एका सावलीत एकच माणूस मावतो, म्हणून ज्याची त्याची सावली, म्हणजे खासगी मालमत्ता, म्हणजे भांडवलशाही. आणि जिथे ना धड थंडी ना धड ऊन तिथल्या लोकांना दुसरा उद्योगच नसतो म्हणून ते बोलत बसतात, ती लोकशाही. रशिया बसतोय, बाकीचे बसवायचं चाललंय. कुठे चुकतंय का?
– शेकोटी गट, बीए दुसरं वर्ष

उत्तर: अरे, 'बाकीचे बसवायचं चाललंय' यातच सगळं आलं की रे. क्यूबा कुठे बसवणार? व्हिएतनाम? तिकडे कुणाला शेकोटी लागते? इथिओपियात १९७४ ते १९९१ मार्क्सवादी राजवट होती, कॅनडा आणि नॉर्वे गोठत गोठत निवडणुका घेतात. पण तुमची थिअरी खरी मोडते ती मंगोलियात. उलानबातर ही जगातली सगळ्यात थंड राजधानी, हिवाळ्यात उणे ३० वगैरे सहज जातं. तिथे आधी चंगीजखानाचं साम्राज्य झालं, मग चीनच्या चिंग घराण्याची सत्ता, १९२४ पासून साम्यवादी राजवट, आणि १९९० मध्ये बहुपक्षीय निवडणुका होऊन लोकशाही. थंडी तीच, शेकोटी तीच, भोवती बसणाऱ्यांनी चार वेळा पद्धत बदलली.

पण नाराज होऊ नका, तुमच्या आधी फार मोठी माणसं याच खड्ड्यात पडलीत. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की थंड युरोपातले लोक धाडसी पण अकलेने कमी, आशियातले हुशार पण धाडस नाही, म्हणून ते कायम कुणाच्या तरी हाताखाली, आणि या दोघांच्या बरोब्बर मधे, दोन्ही गुण असलेले कोण? ग्रीक. लिहिणारा कोण? ग्रीक. अरब इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ मध्ये पृथ्वीचे सात पट्टे घेतले आणि मधले तेवढे समतोल ठरवले, शहरं, विद्या, कला सगळं तिथे. मग त्याच्या लक्षात आलं असणार की अरबस्तान यात बसत नाही आणि त्याला बाहेर ठेवणं तर शक्यच नाही, तेव्हा त्याने लिहिलं की अरबस्तानाच्या तीन बाजूंना समुद्र आहे, त्याच्या दमटपणाने तिथल्या हवेचा कोरडेपणा कमी होतो. म्हणजे कंसात समुद्र! आमच्या पोराचा एसी आणि हा समुद्र, दोन्ही एकाच कापडाची ठिगळं. (एरवी इब्न खल्दून फार भारी माणूस आहे बरं का, राजघराणी कशी उभी राहतात आणि कशी ढिली पडतात यावरचं त्याचं आजही वाचावं असं आहे, तेव्हा एवढ्यावरून त्याला निकालात काढू नका.)

आणि हे जुनंच प्रकरण आहे असंही नाही. येल विद्यापीठातल्या एल्सवर्थ हंटिंग्टनने १९१५ मध्ये हवामान आणि संस्कृतीवर जाडजूड पुस्तक काढलं. त्यासाठी कारखान्यातल्या कामगारांच्या कामाचे आकडे घेतले, लष्करी आणि नौदल अकादमीतल्या पोरांचे मार्क घेतले, आणि काढलं काय तर बाहेर साधारण ३-४ अंश सेल्सिअस असताना डोकं सगळ्यात छान चालतं. मग वेगवेगळ्या विद्वानांना विचारून कुठला प्रदेश किती सुसंस्कृत याचा नकाशा केला, तो हवामानाच्या नकाशाशेजारी ठेवला आणि काय आश्चर्य, दोन्ही जुळले. सगळ्यात वरच्या नंबरात न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा. येल विद्यापीठ कुठे आहे हे नकाशात तुम्हीच बघा.

म्हणून तुम्हाला एकच विचारते, तुमच्या चौघांच्या थिअरीत तुमचा स्वतःचा प्रदेश कुठल्या खान्यात आलाय? मधल्या ना?

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा राज्यशास्त्र शिकतो. परीक्षेत तो 'उन्हाने माणसं सुस्तावतात म्हणून राजे टिकतात' असलं काहीबाही लिहून येतो आणि मार्क घालवतो. वर म्हणतो मोठमोठ्या विचारवंतांनी हेच लिहिलंय. हा थापा मारतोय का?
– एक काळजीत पडलेली आई

उत्तर: ताई, थापा मारत नाहीये, हीच तर पंचाईत आहे. मोंतेस्क्यू हे नाव तुम्ही ऐकलं असेल, कायदे करणारे, राज्य चालवणारे आणि न्याय देणारे वेगळे हवेत हे ज्याने ठासून मांडलं आणि जे आज अर्ध्या जगाच्या राज्यघटनांमधे आहे तो हा फ्रेंच माणूस. १७४८ चं त्याचं पुस्तक. त्याच पुस्तकात पुढे गेलात की मेंढीची जीभ येते.

खरंच सांगते. त्याने मेंढीची जीभ घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तिच्यावरचे बारीक बारीक उंचवटे बघितले. मग अर्धी जीभ गोठवली. गोठवल्यावर ते उंचवटे आक्रसले, काही तर आतच गेले. मग जीभ वितळू दिली तसे ते हळूहळू परत वर आले. इथवर सगळं ठीक आहे, कुणीही करून बघावं, मीही कदाचित मान डोलावली असती. पण इथून तो जी उडी मारतो ती बघा, म्हणजे थंडीत माणसाची त्वचा आक्रसते, संवेदना आत जात नाहीत, म्हणून उत्तरेकडचा माणूस सुखदुःखाला मठ्ठ पण धीट, मोकळा आणि स्वातंत्र्यप्रेमी, आणि गरम देशातला हळवा, भित्रा, आळशी, त्याच्या वाट्याला गुलामी. मॉस्कोकडच्या माणसाला काही जाणवून द्यायचं तर त्याची कातडीच सोलायला हवी असं तो लिहितो! पुरावा म्हणून संगीतिकांचंही सांगतो, इंग्लंडात आणि इटलीत तेच खेळ, तेच कलाकार, पण एकीकडे प्रेक्षक थंड आणि दुसरीकडे वेडे झालेले. अर्ध्या जिभेवरून निघाला तो थेट गुलामगिरीपर्यंत पोचला, मधे कुठे थांबा नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १७४८ लाच, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने राष्ट्रांच्या स्वभावावर निबंध लिहून उलट बाजू मांडली. त्याचं म्हणणं अगदी घरगुती होतं, अथेन्स आणि थीब्ज या जुन्या ग्रीक शहरांत जेमतेम एका दिवसाचं अंतर, हवा तीच, मग अथेन्सचे लोक चलाख आणि थीब्जचे मद्दड म्हणून प्रसिद्ध कसे झाले? मला हा प्रश्न जिभेपेक्षा कितीतरी जड वाटतो.

तेव्हा मुलाला सांगा, लिही बाबा, पण मोंतेस्क्यूचं नाव घालून लिही आणि खाली ह्यूमची दोन वाक्यं टाक. मग मार्क कापायला परीक्षकाचाही हात अडखळतो. माझा तरी अडखळतो.

प्रश्न: क्रांती उन्हाळ्यातच होते ना? १४ जुलै बघा.
– तापलेला

उत्तर: आणि रशियाची १९१७ ची ऑक्टोबर क्रांती बघ, जी आपल्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबरला झाली. त्याच वर्षीची फेब्रुवारी क्रांती सुरू झाली ८ मार्चला, तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडच्या थंडीत, पावाच्या रांगा आणि बायकांचे मोर्चे यातून. प्रागचा वसंत म्हणतात तो चेकोस्लोव्हाकियातला मोकळेपणा १९६८ च्या जानेवारीत सुरू झाला आणि ऑगस्टमधे सोव्हिएत रणगाड्यांनी संपवला, अरब वसंताची ठिणगी पडली डिसेंबर २०१० मधे. ऋतूंची नावं पेपरवाल्यांनी दिलेली असतात रे, वेधशाळेने नाही.

पण १४ जुलै, म्हणजे १७८९ मधे पॅरिसचा बास्तीय तुरुंग फोडला तो दिवस, तू काढलासच तर त्याच्या आधीचं वर्ष बघायला पाहिजे, कारण खरी हवा तिथे आहे. १३ जुलै १७८८ ला फ्रान्समधे भयंकर गारपीट झाली, पिकं झोपली, त्यानंतरचा हिवाळा असा कडक की नद्या गोठल्या, पाणचक्क्या थांबल्या. धान्य कमी, त्यात दळण बंद, १७८९ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधे पावाचे भाव गगनाला भिडले. म्हणजे हवामान होतंच, पण ते डोक्यात नाही पोटात शिरलं. आणि तेही एकटं नाही, राजाची तिजोरी आधीच रिकामी, कर गरिबांवर आणि सूट सरदारांना. गारा सगळ्यांच्या शेतावर पडतात, प्रत्येक ठिकाणी काही तुरुंग फुटत नाही. ऑक्टोबरमधे हजारो बायका पॅरिसहून व्हर्सायला राजाच्या महालावर पाव मागायला चालत गेल्या तेव्हा तर पाऊस पडत होता. उकाडा कुठाय यात?

तुझ्या थिअरीवर सगळ्यात जास्त विश्वास खरं तर त्या क्रांतिकारकांचाच असावा. त्यांनी १७९३ मधे अख्खं कॅलेंडर बदललं आणि महिन्यांना हवेची नावं दिली, धुक्याचा महिना, हिमाचा, पावसाचा, वाऱ्याचा, अंकुर फुटण्याचा, उन्हाचा. क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर पडला तो उन्हाच्या महिन्यात, नेपोलियनने सत्ता घेतली ती धुक्याच्या. ज्या कवीने ही सुंदर नावं ठेवली त्याला गिलोटिनवर चढवलं ते अंकुराच्या महिन्यात. शेवटी नेपोलियननेच १८०६ च्या १ जानेवारीपासून ते कॅलेंडर बंद केलं.

प्रश्न: मॅम मी एकॉनॉमिक्सला आहे. रूममेट म्हणतो शेअर मार्केट सूर्यावरच्या डागांवर चालतं, दर ११ वर्षांनी डाग वाढतात आणि मार्केट हलतं. मी म्हटलं हे ज्योतिष झालं. पैज लागलीये. जिंकणार ना मी?
– पैजवाली

उत्तर: जिंकशील गं, पण रूममेटला कमी लेखू नकोस, त्याच्या मागे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स उभा आहे, सीमांत उपयोगितेच्या धड्यात भेटतो ना तोच. त्याला दिसलं की इंग्लंडात व्यापारी संकटं ठरावीक अंतराने येतायत, १८२५, मग १८३६-३९, १८४७, १८५७, १८६६. साधारण साडेदहा वर्षांची सरासरी. आणि सूर्यावरच्या डागांचं चक्र तेव्हा धरत होते ११ वर्षांपेक्षा जरा जास्त. जवळ आहे, पण जुळत नाही, आणि काही चक्रांनंतर दोन्हींतली फट चांगलीच वाढत जाते. मग एका खगोलशास्त्रज्ञाने नवीन हिशेब दिला की चक्र सुमारे १०.४५ वर्षांचं असावं. जेव्हन्सने तो आकडा दोन्ही हातांनी उचलला. १८७८ मधे त्याने 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हे मांडलं.

आता त्याची साखळी बघ, ती वेडगळ नाहीये. सूर्य बदलला की पाऊसपाणी बदलतं, भारतासारख्या देशातली पिकं बुडतात, तिथल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा राहत नाही, तो इंग्लंडचं कापड घेत नाही, गिरण्या बसतात, बँका बुडतात. एकेक कडी वेगळी घेतली तर पटते. सगळ्या ओढून बांधल्या की तुटते, कारण डागांचं चक्र सरासरी ११ च्या आसपासच आहे, आणि मधली काही संकटं त्याला जुन्या कागदपत्रांत अक्षरशः शोधून काढावी लागली, कारण चक्राप्रमाणे तिथे संकट 'असायला हवं' होतं. हुशारीचा तोटा नव्हता, मनासारखा आकडा मिळाल्यावर थांबायचं कुठे ते कळलं नाही. १८८२ मधे पोहताना बुडून तो गेला, अवघा ४६ वर्षांचा, नाहीतर आणखी दोन चक्रं बघून त्यानेच कदाचित मागे घेतलं असतं.

पैजेचे पैसे अर्धेच घे.

प्रश्न: एसी आल्यामुळेच सरकारं मोठी झाली, पटतंय का?
– रिमोट माझ्याकडे

उत्तर: अर्ध्या मार्काएवढं. वॉशिंग्टनचा उन्हाळा असा असायचा की खासदार गाशा गुंडाळून घरी पळायचे, मग १९२८ मधे प्रतिनिधिगृहात आणि १९२९ मधे सिनेटमधे एसी बसला आणि सभागृहात बसणं सुसह्य झालं. सिंगापूरचे ली क्वान यू यांनीही सांगितलंय की पंतप्रधान झाल्यावर सरकारी कचेऱ्यांत एसी बसवणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी होतं, म्हणजे आमच्या पोराचा कंस अगदीच हवेतला नव्हता. पण उलटंही होतं. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी सांडपाण्याने इतकी घाण मारायला लागली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमधे बुडवून टांगले, तरी वास जाईना. वर्षानुवर्षं रखडलेला गटारांचा कायदा मग साधारण १८ दिवसांत मंजूर. तिथे एसी असता, खिडक्या बंद असत्या, तर?

प्रश्न: तुम्ही सगळ्या थिअऱ्या मोडताय. मग हवामानाचा राजकारणाशी, अर्थकारणाशी काहीच संबंध नाही असं म्हणायचंय का? गरम देश बहुतेक गरीब आहेत हे तर दिसतंच ना नकाशात.
– सिरियसली विचारतोय

उत्तर: दिसतं, आणि संबंध आहेही, फक्त तो स्वभावातून जात नाही. डेल, जोन्स आणि ओल्केन या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१२ मधे आकडे मांडले, गरीब देशांत एखादं वर्ष १ अंशाने जास्त गरम गेलं तर त्या वर्षीची वाढ साधारण १.३ टक्के बिंदूंनी घसरते, श्रीमंत देशांत तसा ठळक परिणाम दिसत नाही. म्हणजे ऊन तेच पण दणका वेगळा. गरीब देशात शेतीवर जास्त लोक, काम उघड्यावर, झळ सोसायला गाठीशी काही नाही.

दुसरा रस्ता रोगांचा. असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन, ज्यांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचा २००१ चा शोधनिबंध यावरच आहे. जिथे मलेरिया आणि पीतज्वराने युरोपीय लोक पटापट मरायचे तिथे ते राहायला गेले नाहीत, नुसतं ओरबाडून न्यायची यंत्रणा उभी केली. जिथे जगता आलं तिथे घरं बांधली आणि स्वतःसाठी कोर्टं, मालमत्तेचे कायदे, विधिमंडळं केली. मग त्या यंत्रणा शंभर शंभर वर्षं मागे उरल्या. त्यांनी घेतलेल्या युरोपीयांच्या मृत्यूच्या आकड्यांवर पुढे बरीच भांडणं झाली, ती अजून मिटलेली नाहीत, पण रस्ता बघ, हवा ते डास, डास ते वसाहत, वसाहत ते कायदा. आळस कुठेच आला नाही.

आणि तुला नकाशाच बघायचाय तर कोरियाचा बघ. १९४५ मधे ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली, दोन्हीकडे तीच माणसं, तीच भाषा, हिवाळाही थोड्याफार फरकाने तोच. कारखाने तर तेव्हा उत्तरेकडे जास्त होते. आज उपग्रहाने रात्री काढलेल्या फोटोत दक्षिण लखलखतीये आणि उत्तर जवळपास काळी. आणि लगेच 'म्हणजे लोकशाहीमुळे' असंही लिहू नकोस, कारण दक्षिणेत १९८७ पर्यंत बराच काळ लष्करी पठडीचीच सत्ता होती, कारखाने तेव्हाच वाढले. अमेरिका-मेक्सिको सीमेवर नोगालेस नावाचं गाव आहे, मधून कुंपण गेलंय, ढग दोन्हीकडे एकच, पण उत्पन्न, शाळा, दवाखाने यात जमीन-अस्मानाचा फरक. ह्यूमचं अथेन्स आणि थीब्जच की हे, अंतर आणखी कमी झालेलं.

तेव्हा कुठलीही थिअरी आली की मी आधी त्यातलं ठिगळ शोधते. ते कंसात असतं, तळटीपेत असतं, नाहीतर '१०.४५' असं आकड्याच्या वेषात असतं.

प्रश्न: मॅडम, तुमची स्वतःची काही थिअरी आहे की नाही?
– तीस वर्षं ऐकून घेतलेली एक माजी विद्यार्थिनी

उत्तर: आहे ना. पंख्याच्या रेग्युलेटरची. वर्गात रेग्युलेटरपाशी जो बसतो त्याच्याकडे सत्ता, मग तो रोल नंबरने तिथे आला असो की पळत येऊन जागा पकडली असो. तो स्वतः पंख्याखाली बसत नाही, त्यामुळे त्याला ना वारा लागतो ना गारठा, तो फक्त ओरडणाऱ्यांचा आवाज मोजतो. रेग्युलेटरवर १ ते ५ आकडे असतात पण चालतो फक्त ५, म्हणजे कागदावर पाच पर्याय आणि वर घरघरणारं एकच सरकार. खिडकीजवळचे तटस्थ राष्ट्र. मागचा बाक कायम विरोधात, कारण तिथे पंखाच नाही.

ही थिअरी मी जवळजवळ प्रत्येक वर्गात तपासलीये आणि ती बरोब्बर बसते, एक वरच्या मजल्यावरची खोली सोडून. तिथे पोरं पाळी लावून रेग्युलेटरपाशी बसायची, दर तासाला नवीन, कुणाची तक्रार नाही. (त्या खोलीत लाइट नसायची.)